गिअरबॉक्सचं ऑइल जातं कुठे?

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, १९८८मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरीही तालुक्याच्या गावी सकाळी मुलांना शाळेत न्यायला व्हॅनकाका जी गाडी घेऊन येतात, ती अजून कितीतरी ठिकाणी ओम्नीच असते. मार्केट यार्डात पहाटे भाजीचे क्रेट तिच्यातूनच उतरतात. २०१०मध्ये आलेल्या ईकोचीही मूळ मांडणी तीच आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून निघणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल.

या गाड्यांचे पार्ट गल्लोगल्ली मिळतात, इंजिन साधं आहे, त्यामुळे पंधरा-वीस वर्षं त्या सहज चालतात. मालक इंजिन ऑइल वेळेवर बदलतो, ब्रेक पाहतो, टायर पाहतो. गिअरबॉक्सकडे मात्र आवाज यायला लागेपर्यंत कोणी फिरकत नाही. याला कारण आहे. इंजिनाला डिपस्टिक असते, ऑइलचा दाब उतरला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. या व्हॅनच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला दिवा नाही, काटा नाही, डिपस्टिकही नाही. आतलं ऑइल निम्म्यावर आलं तरी गाडी नेहमीसारखी सुरू होते आणि नेहमीसारखी पळते. जमिनीवर पडणारा थेंब हीच काय ती आगाऊ सूचना.

त्या थेंबाचा हिशेब एकदा करून पाहावा. ऑइलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरू. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ३६ मिलिलिटर. महिन्याला लिटरभर झालं. ओम्नीच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल मुळात दोन लिटरसुद्धा नसतं. ‘थोडंसंच गळतंय’ असं म्हणत गाडी पावसाळाभर चालवली, तर दिवाळीपर्यंत गिअरबॉक्स कोरडा होऊ शकतो.

कोरडा होताना आत काय घडतं तेही समजून घ्यायला हवं. या गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरवणारा पंप नसतो. खालच्या शाफ्टवरचे गिअर ऑइलात बुडालेले असतात. ते फिरताना ऑइल वर उडवतात आणि त्या उडालेल्या ऑइलवरच वरचा शाफ्ट, त्याची बेअरिंगं आणि गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा यांचं भागतं. पातळी उतरली की आधी वरचा भाग उपाशी राहतो. आंबोली किंवा वरंधा घाटात भरलेली व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ चढत असते, तेव्हा दातांवर भार सर्वाधिक आणि ऑइल सर्वात तापलेलं. नुकसान बहुधा तिथे सुरू होतं. मग गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते. हे ऐकू आलं म्हणजे बेअरिंगचं काम निघालं. सील बदलून भागण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.

म्हणून थेंब दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: हे ऑइल नक्की कशाचं आहे?

सपाट जागी गाडी उभी करा आणि रात्री तिच्याखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून ठेवा. पुढची चाकं कुठे येतात त्याची खूण पुठ्ठ्यावर करा. सकाळी डाग कुठे पडलेत ते पाहा, बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. इंजिन ऑइल काळपट, पातळ आणि थोडं जळकट वासाचं असतं. गिअर ऑइल जाड आणि चिकट असतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. गिअरच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसता यावा म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात, त्यांचा तो वास. एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट पाण्यासारखं आणि रंगीत. ब्रेक ऑइल जवळजवळ बिनरंगी आणि फार निसरडं, आणि ते गाडीचा रंग खातं. ते सापडलं तर गिअरबॉक्सचा विचार बाजूला ठेवा आणि गाडी तिथून हलवूच नका.

एक गोंधळ इथे नेहमी होतो. डिफरन्शियलमध्येही गिअर ऑइलच असतं आणि वासही तोच. डाग मागच्या चाकांच्या मध्ये असेल तर ती डिफरन्शियलची गळती, गाडीच्या मध्याच्या पुढे असेल तर गिअरबॉक्सची. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय. तिथलं ऑइल ब्रेक शूवर उतरतं, त्यामुळे ते काम उद्यावर ढकलायचं नाही.

ऑइल गिअरबॉक्सचं आहे हे पक्कं झालं, आता ते कुठून येतं ते शोधायचं. इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात, कारण थेंब जिथून पडतो तिथून गळत असतंच असं नाही. ऑइल सांध्याच्या कडेने उतरतं, चालत्या गाडीखालचा वारा त्याला मागे ढकलतो आणि सर्वात खालच्या बोल्टच्या डोक्यावर जमून ते खाली पडतं. अनेकदा तर ते गिअरबॉक्सचं नसतंच. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमधली डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची रिंग गळत असते, ते इंजिन ऑइल इंजिनाच्या पाठीवरून घरंगळतं आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या घंटेच्या आकाराच्या हाउसिंगखाली ठिबकतं. पाहणारा म्हणतो, गिअरबॉक्स उतरवा. दोनशे रुपयांच्या पॅकिंगसाठी दिवसभराची मजुरी अशी जाते. नियम एकच: ओल जिथे सर्वात वर आणि सर्वात पुढे आहे, तिथून शोध सुरू करायचा.

आणि हा शोध मळलेल्या गाडीत घेता येत नाही. ओम्नीचा गिअरबॉक्स खालून उघडा असतो. ऑइल, धूळ आणि पावसाळ्यातला चिखल मिळून त्यावर बोटभर जाडीचा काळा थर बसतो. तो आधी खरवडायचा, मग डिझेल किंवा डिग्रीझर लावून ब्रशने घासायचा, पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यायचा. धुताना पाण्याची जोराची धार गिअरबॉक्सच्या माथ्यावर मारू नये, तिथे हवेचं छिद्र असतं. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं आणि त्याआधी गाडी खालून धुवायची पद्धत आहे. ती धुलाई झाल्यावर गळती थांबल्यासारखी वाटते. खरं तर शोध घ्यायला त्याच्याइतकी चांगली वेळ नसते. कोरड्या झालेल्या अ‍ॅल्युमिनियमवर टाल्कम पावडर हलकेच उडवा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि बॅटरी घेऊन खाली पाहा. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ जिथून सुरू होते, गळती तिथली.

जागा ठरलेल्या आहेत. ड्रेन प्लग आणि भरायचा प्लग. त्यांचा वायसर चेपलेला किंवा आटे सैल झालेले. रिव्हर्स लाइटच्या स्विचची जागा. जुन्या ओम्नीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधूनच निघते, तिच्या बुडाची रबरी रिंग कडक होते आणि ऑइल केबलच्या नळीतून वर चढतं. दोन भागांच्या सांध्यातलं सीलंट. या सगळ्या किरकोळ दुरुस्त्या. मोठ्या जागा दोनच. पुढचं सील, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं; आणि मागचं सील, जिथून प्रोपेलर शाफ्टचा योक, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारं त्याचं पुढचं टोक, बाहेर येतो.

मागच्या सीलची गळती ओळखायला सोपी, कारण ती खूण ठेवून जाते. योक मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि त्यावर आलेलं ऑइल चहूबाजूंना भिरकावतो. मान वर करून व्हॅनच्या पत्र्याची खालची बाजू पाहा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना, शाफ्टला आडवा असा ऑइलच्या शिंतोड्यांचा पट्टा दिसला तर आणखी पुराव्याची गरज नाही.

आता सील म्हणजे काय ते. हातात घेतलं तर बाहेर पत्र्याची कडी, तिच्यात बसवलेलं रबर, त्या रबराची पातळ कड म्हणजे ओठ, आणि ओठाच्या मागे केसासारख्या बारीक तारेची गोल स्प्रिंग. स्प्रिंग ओठाला शाफ्टवर दाबून धरते. शाफ्ट फिरतो, ओठ जागेवरच राहतो. दोघांच्या मध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो, तो ओठाला जळू देत नाही आणि बाहेरही निसटत नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, ओठाला चिरा पडतात आणि सील गळतं. वयाने गेलेल्या सीलवर उपाय नवं सील.

पण नवं सील दोन-तीन महिन्यांत पुन्हा गळलं तर सीलच्या कंपनीला शिव्या देण्याआधी दोन गोष्टी पाहा.

पहिली, ब्रीदर. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्या-येण्यासाठी एक छोटं टोपण असतं. आतली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर तापली आणि तिला बाहेर जायला वाट नसली, तर तिचा दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. हा दाब ओठाखालून वाट काढतो आणि ऑइल सोबत घेऊन जातो. चिखलाने ब्रीदर बुजलेला असेल तर कितीही भारी सील बसवा, ते गळणारच. टोपण बोटाने फिरवून पाहा, काढून डिझेलमध्ये बुडवून ठेवा, हवा मारून साफ करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते गळतीच्या तपासात ते सर्वात आधी व्हायला हवं. कमी खर्चाचं असल्यामुळेच ते बहुतेक ठिकाणी राहून जातं. जास्त भरलेल्या ऑइलचाही परिणाम असाच होतो.

दुसरी, बुश. मागच्या हाउसिंगमध्ये योकला आधार देणारा बुश असतो. तो झिजला की योक डगमगतो आणि सीलचा ओठ त्याच्याबरोबर नाचू शकत नाही. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस ढिला असेल किंवा शाफ्टचा तोल गेला असेल तर बुश लवकर झिजतो. गाडी थंड असताना योक हाताने वर-खाली हलवून पाहा. स्पष्ट खटखट जाणवली तर सीलबरोबर बुशही बदलावा लागेल, आणि क्रॉसही तपासावा लागेल.

मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. घरी करणार असाल तर लोखंडी स्टँडवर चढवा; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही. प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअरबॉक्सचा मागच्या चाकांशी संबंध तुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर उतारावर ती सरळ चालू लागेल. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.

ऑइल काढण्यापूर्वी भरायचा प्लग सुटतोय का ते आधी पाहा. तो जाम असेल आणि ड्रेन प्लग उघडून तुम्ही ऑइल सोडून दिलं, तर गाडी जागेवरच अडकली. ऑइल कोमट असताना काढा. ड्रेन प्लगला चिकटलेला करडा लगदा पाहून घाबरू नका, ती रोजची झीज आहे. त्यात दाताचा तुकडा किंवा पितळेचा चमकणारा कीस मोठ्या प्रमाणात दिसला तर मात्र काम तिथेच थांबवून गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करायला हवा.

डिफरन्शियलच्या बाजूचे प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर मिळून एक रेघ ओढा. शाफ्ट जसा होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. योक गिअरबॉक्समधून मागे ओढून घ्या. जुनं सील उचकटताना स्क्रूड्रायव्हर हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागाला लागू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडासुद्धा ऑइलला वाट देतो. मग योक पुसून त्याच्या गुळगुळीत भागावर नख आडवं फिरवा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडला असेल तर नख अडकतं. चर बारीक असेल तर नवं सील दोनेक मिलिमीटर कमी खोल बसवून ओठाला नवी जागा देता येते. खोल असेल तर योक बदला, किंवा त्यावर बसणारी पातळ पोलादी बाही मिळते ती लावा.

नवं सील घेताना जुनं सोबत न्या. सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. ओठाला गिअर ऑइल किंवा थोडं ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू आत ऑइलकडे ठेवा आणि बाहेरच्या कडीच्या मापाची गोटी (सॉकेट) किंवा पाइपचा तुकडा लावून सगळीकडून सारखं ठोकत बसवा. हातोडीने एका कडेला ठोकलेलं सील तिरकं बसतं आणि पहिल्याच फेरीत गळतं. योक आत सरकवताना फिरवत, हळू. मुडपलेला ओठ बाहेरून दिसत नाही.

पुढच्या सीलची गोष्ट वेगळी. ते गेलं तर ऑइल क्लचच्या हाउसिंगमध्ये शिरतं. क्लच प्लेटवर पोचलं की चढावर इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. हे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि खर्च जवळजवळ सगळा मजुरीचा असतो. म्हणून क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला की गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि इंजिनाचं मागचं सील, दोन्ही त्याच वेळी बदलून घ्यावीत, ती गळत नसली तरी. मेकॅनिकने सुचवलं नाही तर आपण सांगावं.

काही गोष्टी करूच नयेत. सांध्यावर बाहेरून एम-सील थापून गळती थांबत नाही. तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही आणि पुढच्या माणसाला बोल्ट सापडत नाहीत. सांधा उघडून सीलंट लावताना ते पातळ लावावं. आत ओघळलेला त्याचा तुकडा सुटून फिरत राहतो. ड्रेन प्लग जीव खाऊन आवळू नये; अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की ते पुन्हा पाडून घ्यावे लागतात. दगड लागून केसिंगला तडा गेला असेल तर आर्गन वेल्डिंग करून घेता येतं, पण त्याआधी आतलं सगळं बाहेर काढावं लागतं.

ऑइल कोणतं? गॅरेजात ‘नव्वद नंबर टाक’ एवढंच म्हटलं जातं आणि एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही भरले जातात. हे चुकीचं आहे. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी रसायनं जास्त असतात, ती डिफरन्शियलच्या गिअरना हवीत. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ती मानवतीलच असं नाही, म्हणून गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी जो दर्जा आणि जाडी दिली आहे तीच घ्यावी. गाडी सपाट जागी ठेवून, भरायच्या छिद्राच्या खालच्या काठाला ऑइल टेकून बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं. तीच त्याची पातळी.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांकडे जुनी सिएना, ओडिसी किंवा कॅरव्हॅन आहे, त्यांच्यासाठी हिशेब बदलतो, कारण त्या व्हॅन ऑटोमॅटिक असतात. तिथे ऑइल फक्त वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच चालतात, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी गिअर घसरू लागतो. नवं ऑइल बहुधा लाल, जुनं तपकिरी. गळती अनेकदा खालच्या पॅनच्या गॅस्केटमधून किंवा रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलरच्या नळ्यांमधून असते. पॅन असेल तर तो आधी नीट आवळून पाहावा, पण ठरवून दिलेल्या जोरानेच. डिपस्टिकवर गुलाबी, दुधट द्रव दिसला तर रेडिएटरच्या आत कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळलंय, आणि गाडी चालवणं लगेच थांबवावं. पातळी तपासायची रीत कंपनीगणिक वेगळी: बहुतेकांत गरम गाडीचं इंजिन चालू ठेवून, होंडात ते बंद करून. गळती थांबवण्याच्या ज्या बाटल्या मिळतात त्यातली रसायनं रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही महिने मिळतात, चिरलेल्या सीलला काहीच नाही.

प्रत्येक ओलीवर पैसे खर्च करायला हवेत असंही नाही. सांध्याभोवती नुसता दमटपणा आहे, धूळ चिकटते पण थेंब पडत नाही, अशी वीस वर्षांची गाडी तशीच चालवावी आणि दर इंजिन ऑइल बदलाच्या वेळी गिअरबॉक्सचा प्लग उघडून पातळी पाहावी. रात्रभरात पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडला तर महिन्याभरात काम करून घ्यावं. धार लागली किंवा क्लच घसरू लागला तर गाडी त्याच दिवशी उभी करावी.

काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा अंगणातल्या मातीत ओतू नका. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून ते जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांना एक विनंती. मे महिन्यात सुट्टी असते, गाडी रिकामी असते. तेव्हाच ती एकदा खालून धुऊन, वाळवून, बॅटरी घेऊन पाहून घ्या. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून मागून येणारा दुचाकीवाला घसरतो.